गडावरचं आधण: पाणी उकळायला भांडं कुठलं न्यावं?

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या जीबीएस या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. त्याचा संबंध दूषित पाण्याशी जोडला गेला आणि ‘पाणी उकळून प्या’ हे आजीच्या तोंडचं वाक्य पुन्हा घराघरांत ऐकू यायला लागलं. गडांवर जाणारी मंडळीही त्यामुळे सावध झाली. इतकी वर्षं टाक्यातलं पाणी फडक्यातून गाळून सरळ बाटलीत भरणारे लोक आता विचारतात, की वर पाणी उकळायचं तर भांडं कुठलं न्यायचं?

दुकानात गेलं की गोंधळ वाढतो. एक मग हातात घ्यावा तर पिसासारखा हलका, पण टायटॅनियमचा म्हणून किंमत हजारांत. शेजारी काळपट ॲल्युमिनियमचं पातेलं, त्याच्याशेजारी स्टीलचं, आणि वरच्या फळीवर बुडाला पंखे, म्हणजे पत्र्याच्या घड्या, असलेलं एक उंच नळकांडं. विकणारा म्हणतो, ॲल्युमिनियम लवकर तापतं. मित्र म्हणतो, टायटॅनियमच घे. आई म्हणते, घरातलं पातेलं काय वाईट आहे?

या तिघांनाही उत्तर देता येतं. त्यासाठी पाणी उकळताना नेमकं काय होतं, ते थोडं जवळून बघावं लागेल.

उष्णतेचा जमाखर्च

१ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १ किलोकॅलरी उष्णता लागते. हा हिशोब तोंडपाठ असावा इतका सोपा आहे. थंडीत टाक्यातलं पाणी २० अंशांवर धरलं, तर ते १०० पर्यंत न्यायला ८० किलोकॅलरी. ट्रेकला नेतो त्या गॅसच्या १ ग्रॅममधून साधारण ११ किलोकॅलरी मिळतात. म्हणजे सगळी उष्णता पाण्यात गेली, तर लिटरभर पाण्याला सात-साडेसात ग्रॅम गॅस पुरायला हवा.

प्रत्यक्षात १५ ग्रॅमच्या आसपास लागतो आणि वारा असला तर त्याहून जास्त. उरलेली उष्णता भांड्याच्या कडेने वर निघून जाते, वारा घेऊन जातो, किंवा वाफेबरोबर उडते. वाफेचा खर्च तर डोळ्यांत येईल असा आहे. १ लिटर पाण्याची पूर्ण वाफ करायला ५४० किलोकॅलरी लागतात. नुसतं १०० मिलि, म्हणजे अर्धा पेला पाणी वाफ होऊन उडालं, तर ५४ किलोकॅलरी गेल्या. अख्खं लिटरभर पाणी उकळीला आणायला लागल्या होत्या ८०. उघड्या तोंडाचं भांडं ठेवून गप्पा मारत बसलं की हे नुकसान रोजचंच.

भांडं निवडायचं म्हणजे ही गळती कमी करायची. गळती कुठून कुठून होते ते एकदा डोळ्यांपुढे आलं, की दुकानातल्या पाट्यांवरच्या निम्म्या शब्दांचं ओझं उतरतं.

धातूचा प्रश्न आणि कागदाचा कप

‘ॲल्युमिनियम लवकर तापतं’ हे खरं आहे. ॲल्युमिनियममधून उष्णता स्टीलच्या दहा-पंधरा पट सहज वाहते. टायटॅनियम या बाबतीत स्टीलच्याच पंगतीला बसतं. मग ॲल्युमिनियममध्ये पाणी दसपट लवकर उकळायला हवं. तसं होत नाही, आणि त्याचं कारण शाळेतल्या एका प्रयोगात आहे.

कागदाच्या कपात पाणी भरून मेणबत्तीवर धरलं, तर पाणी तापत तापत उकळतं आणि कागद जळत नाही. कागद पेटायला २०० अंशांच्या वर तापावा लागतो, पण आत पाणी असेपर्यंत ते त्याला १०० च्या फार वर जाऊच देत नाही. येईल तेवढी उष्णता पाणी ओढून घेतं. कागद म्हणजे उष्णतेचा अगदी दरिद्री वाहक. तरीही त्यातून पाणी उकळतं, कारण तो पातळ आहे.

आता हेच धातूला लावून बघू. १२ सेंमी रुंद बुडाचं भांडं घ्या आणि लिटरभर पाणी पाच-सहा मिनिटांत उकळेल अशी आच धरा. बुडाच्या बाहेरच्या आणि आतल्या बाजूच्या तापमानात किती फरक पडतो? १ मिमी जाडीच्या ॲल्युमिनियममध्ये सुमारे अर्धा अंश. ०.४ मिमीच्या टायटॅनियममध्ये दोनाच्या आसपास. अर्ध्या मिमीच्या स्टीलमध्ये तीनाच्या आसपास. खालची ज्योत हजार अंशांच्या वर असते. हजाराच्या चढाओढीत दोन-तीन अंशांना काय किंमत? नुसतं पाणी उकळायचं असेल, तर भांडं कुठल्या धातूचं आहे याने वेळेत जाणवण्याइतका फरक पडत नाही. मला स्वतःला हे आकडे मांडून बघेपर्यंत पटलं नव्हतं.

मग धातू कशासाठी बघायचा?

तीन गोष्टींसाठी: वजन, स्वयंपाक आणि खिसा.

वजन आधी. १२ सेंमी रुंद आणि १० सेंमी उंच असं एक नळकांडी भांडं कल्पा; त्यात काठोकाठ १.१ लिटर पाणी मावेल. वर धरलेल्या जाडीनेच हिशोब केला तर दांडा आणि झाकण सोडून टायटॅनियमचं भांडं ९० ग्रॅम भरतं, ॲल्युमिनियमचं १३० आणि स्टीलचं १९५. सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड भांड्यात फरक साधारण १०० ग्रॅमचा, म्हणजे अर्ध्या पेल्याच्या पाण्याएवढा. हिमालयात आठ-दहा दिवस पाठीवर सगळं घेऊन चालणाऱ्याला हा अर्धा पेला महत्त्वाचा वाटू शकतो, आणि त्याचं ते बरोबरच आहे. शनिवारी रात्री निघून रविवारी संध्याकाळी परत येणाऱ्याने मात्र त्यासाठी हजारो रुपये घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढ्या पैशात चांगले बूट येतात.

स्वयंपाकाचं गणित उलटं आहे. पाण्यात स्वतःच खालीवर फिरण्याची सोय असते. तळाचं गरम पाणी वर येतं, वरचं गार खाली जातं, त्यामुळे उष्णता सगळीकडे पोचते. खिचडीत तसं होत नाही. तांदूळ जागचे हलत नाहीत आणि ज्योतीच्या बरोब्बर वरचा रुपयाएवढा भाग करपतो. तिथे उष्णता बुडाशी आडवी पसरवणारा धातू हवा आणि तो मान ॲल्युमिनियमचा. पातळ टायटॅनियममध्ये खिचडी लावणं म्हणजे सारखं ढवळत बसणं. चहा, मॅगी, सूप आणि प्यायचं पाणी एवढंच करणार असाल, तर कुठलाही धातू चालेल. वर भात-खिचडी होणार असेल, तर ॲल्युमिनियम घ्या.

ॲल्युमिनियमबद्दल धास्ती बऱ्याच जणांना असते. साधं पाणी उकळताना त्यातून पाण्यात उतरणारा धातू अगदी थोडा असतो. आंबट पदार्थांनी तो जास्त सुटतो, म्हणून चिंच-टोमॅटोचं सार त्यात शिजवून रात्रभर ठेवू नये. दुकानातली काळपट राखाडी भांडी ‘ॲनोडाइज्ड’ असतात, म्हणजे विजेच्या साहाय्याने त्यांच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा कडक थर चढवलेला असतो. त्या थरामुळे ही झीज आणखी कमी होते. नॉनस्टिकचा लेप असलेलं भांडं पाण्यासाठी मुद्दाम घेण्यात अर्थ नाही. रिकामं चुकून आचेवर राहिलं तर लेप खराब होतो. तांब्या-पितळेचं भांडं आतून कल्हईचं असतं आणि कल्हई म्हणजे कथील. ते २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे पाणी आटून भांडं कोरडं पडलं की कल्हई गेलीच. शिवाय वजन. तांब्याचा तांब्या घरीच शोभतो.

बंबाने शिकवलेला आकार

धातूपेक्षा आकाराकडे दसपट जास्त लक्ष द्यावं, असं मला वाटतं. आकार कळायला आपल्याकडे उत्तम गुरू आहे, तो म्हणजे बंब.

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना आठवेल. चार करवंट्या, थोडी भुईमुगाची टरफलं, एखादं चिपाड, एवढ्यावर घरादाराच्या अंघोळी व्हायच्या. तेवढ्याच जळणावर चुलीवरचा हंडा कोमटही होत नसे. बंबाच्या पोटातून मधोमध एक नळी जाते. विस्तव खाली, धूर आणि गरम हवा नळीतून वर, आणि नळीच्या चहूबाजूंनी पाणी. गरम हवेला निसटायला पाण्याच्या अंगाला घासूनच जावं लागतं. जाता जाता ती आपली उष्णता देऊन जाते.

म्हणजे ज्योत पाण्याच्या भांड्याला जितकी जास्त लगटेल, तितकं जळण वाचतं. दुकानातल्या त्या उंच नळकांड्याच्या बुडाला असलेले पंखे हेच काम करतात. पन्हाळी पत्र्यासारख्या त्या घड्यांमधून गरम हवा फिरते आणि बुडाचं क्षेत्रफळ कितीतरी वाढतं. गॅस खरोखर वाचतो, वाऱ्यातही बरा टिकाव लागतो. पण ते भांडं महाग असतं, अरुंद असतं, पोह्या-खिचडीला निरुपयोगी असतं आणि चुलीवर ठेवलं तर पंख्यांमध्ये काजळी जाऊन बसते. वाऱ्याच्या जागी मुक्काम करून फक्त पाणीच उकळणाऱ्याला ते घ्यायला मी सांगेन, इतरांना नाही.

साध्या भांड्यात बंबाचा धडा असा लागू होतो: बूड रुंद हवं. दोन भांडी घ्या. एक ९ सेंमी रुंद आणि १२ सेंमी उंच. दुसरं १२ सेंमी रुंद आणि पावणेसात सेंमी उंच. दोन्हींत पाणी साधारण ७६० मिलि मावतं. पहिल्याचं बूड ६४ चौरस सेंमी, दुसऱ्याचं ११३. छोट्या स्टोव्हची ज्योत सहज आठ-नऊ सेंमी पसरते. अरुंद मगाखाली ती बाहेर डोकावते, कडेने वर चढते, दांडा तापवते आणि हवेत विरून जाते. रुंद बुडाखाली तीच ज्योत पूर्ण झाकली जाते.

अरुंद भांड्याचा दुसरा दोष मी रतनगडावर पाहिला. जानेवारीतली पहाट, गुहेच्या तोंडाशी बऱ्यापैकी सपाट वाटणारी शिळा, त्यावर स्टोव्ह आणि स्टोव्हच्या तीन बोटांवर उंच स्टीलचा मग. पाणी खळखळायला लागलं तसा मग किंचित थरथरू लागला. उकळत्या पाण्याने भांडं हलतं, हे घरच्या जड शेगडीवर कधी जाणवत नाही. मग एका बोटावरून सरकला आणि पाऊण लिटर उकळतं पाणी शेजारी बसलेल्या मित्राच्या पायावर गेलं. त्याने जाड मोजे घातले होते. ते ओले होऊन पायाला चिकटले. आम्ही लगेच मोजा काढला आणि टाक्यातलं गार पाणी वीस मिनिटं ओतत राहिलो. जखम भरली, पण तो गड उतरताना रतनवाडीपर्यंत एकेक पायरी टेकत आला. तेव्हापासून भांडं बघताना मी ते आधी स्टोव्हवर ठेवतो, पाण्याने भरतो आणि बोटाने ढकलून बघतो.

झाकण आणि वारा

झाकणाशिवाय भांडं घेऊच नका. वाफेचा हिशोब वर आलाच आहे. झाकण असलं की वरून जाणारी उष्णता आतच राहते, आणि पहाटेच्या वाऱ्यात तर हा फरक मिनिटांत मोजता येतो. झाकण सैल बसणारं असावं, त्याला दोन-चार भोकं असली तर उत्तम. वाफ कोंडता कामा नये, शिवाय त्याच भोकांमधून मॅगीचं जादा पाणी ओतून टाकता येतं. झाकण हरवलं असेल तर स्टीलची ताटली पालथी घाला आणि वर चपटा दगड ठेवा.

वाऱ्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण इथे चूक झाली तर जिवाशी खेळ होतो. वारा ज्योत वाकवतो आणि गरम हवा बुडाला लागण्याआधीच पळवतो. म्हणून आडोसा हवा: दगडांची भिंत, बॅगा, पडका बुरूज. पण गॅसची डबी थेट स्टोव्हखाली असेल, तर चारही बाजूंनी पत्र्याचा आडोसा करू नका. उष्णता कोंडून डबी तापते आणि फुटू शकते. आडोसा वाऱ्याच्या बाजूने, अर्ध्या गोलाचा, आणि डबीला हात लावला तर ती गारच लागली पाहिजे. तंबूच्या आत स्टोव्ह पेटवणं तर कधीच नाही. आगीचा धोका उघड दिसतो, पण बंद जागेत साठणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास.

आणि आच मध्यम ठेवा. फुल्ल आचेने पाणी मिनिटभर आधी उकळतं खरं, पण ज्योत बुडाबाहेर गेली की तेवढा गॅस आकाशाला.

किती मोठं घ्यायचं?

भांड्यावर लिहिलेलं माप काठोकाठचं असतं. उकळताना पाणी उड्या मारतं, म्हणून पाऊण भांडंच भरावं. १ लिटरच्या भांड्यात उकळायचं पाणी ७५० मिलि.

एकटा माणूस, चहा आणि मॅगी: ६००-७५० मिलिचं भांडं पुरे. दोघं-तिघं असतील तर १ ते १.२ लिटर. आपल्याकडचा चहाचा कप १५० मिलिचा धरला, तर तिघांचे साडेचारशे मिलि एका आधणात होतात. चौघांच्या वर मात्र एका मोठ्या पातेल्यापेक्षा एकात एक बसणारी दोन भांडी मला सोयीची वाटतात. एकात चहा, दुसऱ्यात पाणी.

आता प्यायच्या पाण्याकडे वळू, कारण प्रश्न तिथूनच सुरू झाला होता. मुक्कामाच्या ट्रेकला माणशी ३ लिटर धरले तर तिघांना ९ लिटर. ७५० मिलिच्या १२ खेपा. लिटरला १५ ग्रॅमप्रमाणे १३५ ग्रॅम गॅस, म्हणजे २३० ग्रॅमच्या डबीतला निम्म्याहून जास्त. शिवाय उकळलेलं पाणी निवायला तास-दोन तास. होतं हे सगळं, पण थकलेल्या माणसांकडून बारावी खेप होत नाही, हा अनुभव आहे. म्हणून बहुतेक पाण्याला चांगला फिल्टर वापरावा आणि उकळणं चहा-जेवणासाठी व फिल्टर बिघडला तर म्हणून हाताशी ठेवावं, असं मी सुचवेन. क्लोरीनच्या गोळ्या हलक्या आणि स्वस्त असतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी त्यांना दाद देत नाही. उकळीपुढे तोही टिकत नाही. पोट नाजूक असलेलं कुणी सोबत असेल, लहान मूल असेल, तर त्यांच्या वाट्याचं पाणी रात्री जेवणानंतर उकळून बाटल्यांत भरून ठेवा. सकाळपर्यंत ते आपोआप गार होतं.

सुटसुटीतपणाची एक खूण लक्षात ठेवा. २३० ग्रॅमची गॅसची डबी साधारण ११ सेंमी रुंद असते. भांडं आतून साडेअकरा-बारा सेंमी असलं की डबी त्याच्या पोटात बसते, आणि झाकणाखाली जागा उरली तर डबीच्या वर घडीचा स्टोव्हही. मग त्या भांड्याने बॅगेत वेगळी जागा खाल्लीच नाही. दुकानात जाताना डबी सोबत न्या आणि आत घालून, झाकण लावून बघा. वर हिशोबाला घेतलेलं १२ बाय १० सेंमीचं भांडं मी उगाच निवडलं नव्हतं.

‘पण उंचीवर पाणी १०० ला उकळत नाही!’

बरोबर. दर ३०० मीटरला उकळबिंदू साधारण १ अंशाने उतरतो, कारण वर हवेचा दाब कमी. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे तिथे पाणी साडेचौऱ्याण्णवच्या आसपास उकळतं. हिमालयात ४००० मीटरवर ८६-८७ ला. मग जंतू मरतात का?

मरतात. दूधसंघात दुधाचं पाश्चरीकरण होतं, तेव्हा दूध उकळत नाहीत. ७२ अंशांवर १५ सेकंद धरतात. पोट बिघडवणारे जिवाणू, विषाणू आणि जिआर्डियासारखे एकपेशीय जीव ७० च्या वर भराभर मरू लागतात. पाणी ७० वरून ९४ वर चढेपर्यंत जो वेळ जातो, त्यातच त्यांचा बराचसा निकाल लागलेला असतो. उकळी ही आपल्याला तापमापकाशिवाय दिसणारी खूण आहे, म्हणून तिची वाट बघायची. आधी बुडाशी बारीक बुडबुडे दिसतात, ती पाण्यात विरघळलेली हवा. मग सूं सूं आवाज येतो. तळाशी झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या गार पाण्यात फुटत असतात. ही उकळी नव्हे. आवाज खाली बसून सगळं पाणी खळखळायला लागलं की उकळी. तिथून १ मिनिट, आणि २००० मीटरच्या वर ३ मिनिटं. महाराष्ट्रात कळसूबाईपेक्षा उंच काही नाही, त्यामुळे आपल्याला मिनिट पुरे.

उंचीचा परिणाम डाळीवर होतो. ती शिजायला वेळ लागतो. हिमालयात आणखी एक अडचण: नुसत्या ब्यूटेनचा गॅस शून्याच्या आसपास डबीतून निघेनासाच होतो. तिथे प्रोपेन मिसळलेली डबी लागते. ती तिथेच विकत घ्यावी, कारण विमानात आणि रेल्वेत गॅसच्या डब्या नेता येत नाहीत.

उकळीने गढूळपणा जात नाही आणि पाण्यात मिसळलेली रसायनंही जात नाहीत. म्हणून टाक्यातलं पाणी आधी चारपदरी सुती फडक्यातून गाळून घ्यायचं. गाळणं राहून गेलं की भांड्याच्या कडेला शेवाळाची हिरवी रेघ उरते.

‘घरचं पातेलं काय वाईट आहे?’

काहीच नाही. आईचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. हिंडालियमचं, म्हणजे ॲल्युमिनियमच्याच मिश्रधातूचं छोटं पातेलं रुंद बुडाचं, हलकं आणि स्वस्त असतं. त्याला दांडा नसतो, म्हणून सांडशी न्यावी लागते. पण एक सांडशी सगळ्या भांड्यांना चालते. काठ बाहेर वळलेले असल्याने पाणी बाटलीत ओतताना सांडतं, त्याला चोच नसते एवढीच खरी अडचण. पहिल्या दोन-तीन ट्रेकना तेच न्या. आपल्याला किती पाणी लागतं ते कळल्यावर खरेदी करा.

‘स्टीलची बाटलीच विस्तवावर ठेवली तर?’

हा प्रश्न तरुण मुलं विचारतात आणि इथे उत्तर नीट ऐकायला हवं. एकपदरी, बिनरंगाची स्टीलची बाटली, झाकण पूर्ण काढून, विस्तवाजवळ ठेवता येते. पण गरम-गार ठेवणारी दुपदरी बाटली आचेवर कधीही ठेवू नका. तिच्या दोन भिंतींमधली पोकळी सीलबंद असते. तिथे अडकलेली हवा तापून फुगली तर तिला बाहेर पडायला वाट नसते आणि बाटली फुटू शकते. दोन्ही बाटल्या बाहेरून सारख्याच दिसतात. ओळखायची खूण अशी की बाटलीत गरम चहा ओतला आणि बाहेरून हाताला चटका बसला नाही, तर ती दुपदरी. जराही शंका असेल तर भांडंच वापरा.

चूल करणार असाल तर

हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई हा सगळा मुलूख अभयारण्यात येतो. तिथे उघड्यावर आग करायची नाही, आणि दिवाळीनंतर वाळलेलं गवत ठिणगीची वाटच बघत असतं. जिथे गावातल्या घरी, अंगणात चूल मिळते, तिथे प्लास्टिक किंवा रबराची मूठ असलेलं भांडं नेऊ नका, ती वितळते. बादलीसारखी तारेची कडी असलेलं भांडं चुलीला सगळ्यात चांगलं. आणि रिकामं ॲल्युमिनियम निखाऱ्यावर विसरू नका. ते ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडून वाकतं.

काजळीची युक्ती मला रतनवाडीतल्या एका मावशींनी दाखवली. त्यांनी चुलीतली मूठभर राख घेतली, चार थेंब पाण्यात कालवली आणि माझ्या कोऱ्या पातेल्याच्या बुडाला व निम्म्या अंगाला पातळ लेप दिला. बोटांच्या रेघा दिसत होत्या. मग ते चुलीवर ठेवलं. पाणी उकळून झाल्यावर पातेलं काळंठिक्कर होतं, पण त्यांनी ओल्या गवताची चुंबळ फिरवली तशी राखेबरोबर काजळीही निघून आली आणि खालून पांढरं बूड दिसायला लागलं. “आधी लावायची,” त्या म्हणाल्या, “मागनं घासून काय उपेग?”

भांडं धुताना टाक्यापासून दूर जा. पाणी बाटलीत घ्या, वीस-पंचवीस पावलं उताराच्या बाजूला चला आणि तिथे राखेने किंवा मातीने घासा. साबण नकोच. गडावरची बरीचशी टाकी कातळात खोदलेली असतात. त्यात गेलेला चहाचा चोथा आणि तेलाचा तवंग पुढच्या पावसापर्यंत तिथेच राहतो. धुतलेलं भांडं उन्हात पालथं घाला. कोरडं झालं की आत डबी, डबीवर स्टोव्ह आणि मोकळ्या जागेत गाळायचं फडकं कोंबा, म्हणजे चालताना खडखड वाजत नाही.